हाताईवर हात ठेवून

ऐक ना मृणू, आधी तो फोन उलटा करून ठेव. नाही, खरंच ठेव. आणि मधे मधे ‘मग काय झालं, मग काय झालं’ करू नकोस, नाहीतर मी घाईघाईत शेवट आधी सांगून टाकीन आणि सगळी मजा जाईल.

तर असं बघ. मी एका ओढ्याच्या काठावर उकिडवी बसलेय. माझ्या हातात नारळाची शेंडी, शेजारी कढत पाण्याची बादली, कोपरापर्यंत शेंदूर लागलेला. आणि समोर एक दगड. माझ्या छातीएवढा उंच असेल. त्या दगडातून एक हात बाहेर आलाय. फक्त हात. डोकं नाही, तोंड नाही, अंग नाही. कोपरात काटकोनात वाकलेला, पंजा वर आभाळाकडे, बोटं जुळलेली, आणि मनगटापासून खाली बांगड्याच बांगड्या. दगडातच कोरलेल्या. मी घासतेय आणि शेंदराचे पापुद्रे निघतायत, एकाखाली एक, लाल, मग काळपट, मग परत लाल, आणि मला इतकं भारी वाटतंय ना की विचारू नकोस.

“येवढं घासू नगंस गं,” सगुणामावशी म्हणाली, “आईला गुदगुल्या हुत्याल.”

सगुणामावशी म्हणजे माझ्या हॉस्टेलच्या रूममेटची सख्खी मावशी. गाव खडकवेळ. माणदेशात, एसटी दिवसातून मोजक्या वेळा जाते असं. त्या दगडाची देखभाल मावशीच्याच घराकडे. मी तिच्याकडे राहायला गेले होते कारण रूममेटनं सहज सांगितलं होतं, ‘आमच्या मावशीच्या गावात एक हात आहे, त्याची पूजा करतात,’ आणि मी त्याच आठवड्यात बॅग भरली होती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. माझा विषयच तो होता ना, जुन्या शिल्पांतले आणि जुन्या गोष्टींतले हात. डिपार्टमेंटमध्ये सगळे मला ज्योतिषीणबाई म्हणायचे, येता-जाता पंजा पुढे करायचे, ‘बाई, आमचं लग्न कधी?’

पण तू विचार कर ना, हात म्हणजे काय भन्नाट गोष्ट आहे! जुन्या सूक्तांमध्ये सूर्याला सोन्याचे हात आहेत. तिकडे इजिप्तमध्ये सूर्याची किरणं काढलीत आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एवढुसा पंजा. वीराचं वर्णन करायचं तर चेहरा बाजूलाच, आधी बाहू, गुडघ्यापर्यंत पोचणारे. देवीला आठ हात, अठरा हात. एक हात उघडा धरला की ‘भिऊ नकोस’, तोच खाली केला की ‘घे’. शपथ हातानं, शाप हातानं, लग्न हातानं. आणि गुहांमध्ये तर माणसानं देव काढायच्या आधी स्वतःच्या हाताचे ठसे काढून ठेवलेत. मी बोलायला लागले की थांबायचेच नाही. अजून नाही थांबत, माहितीये मला.

तर मी मावशीला विचारलं, “मावशी, ही नक्की कोण देवी?”

“हाताई.”

“हो, पण म्हणजे कोण? दुर्गा? यल्लम्मा?”

“आगं हाताई म्हंजी हाताई. तुजं नाव नेत्रा, मग मी इचारते व्हय, नेत्रा म्हंजी कोण म्हणून?”

आता हिचं काय करायचं, सांग!

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या गावात एक रीत होती. म्हणजे कुणाचा नवरा गेला ना, तर तिथे बायकोच्या बांगड्या फोडत नाहीत. काढतात. हलक्या हातानं, साबण लावून, अख्ख्या. त्या एका दोरीत ओवतात आणि ती दोरी हाताईच्या दगडाभोवती बांधतात. दहाव्यापर्यंत बांगड्या आईकडे. दहाव्याच्या सकाळी दोरी सोडायची आणि त्याच बांगड्या त्या बाईच्या हातात परत भरायच्या. कारण काय, तर आईच्या हातात बघ बांगड्या आहेत, तिच्या गावात कुणाचा हात उघडा ठेवायचा नाही. सुतकात गावातल्या मारुतीलासुद्धा कुणी शिवत नाही, पण हाताईला शिवलेलं चालतं. “तिला सुतक लागत न्हाई,” मावशी म्हणाली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं ते. देवाला सुतक नको, मग हिला कसं चालतं? पण मी आपली घासण्यात दंग.

आणि आम्ही घासत होतो कारण दुसऱ्याच दिवशी एक दहावा होता.

ती वैजू. वैजयंता. माझ्याच वयाची गं. तिचा नवरा दिगंबर उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. ती दुसरी बादली घेऊन आली, खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, तुमचा ड्रेस खराब झाला. हा डाग जायचा नाही. वरून एक पट्टी लावून देऊ का? कळणार नाही.”

म्हणजे बघ. नवरा जाऊन आठ-नऊ दिवस झालेले, आणि ही माझ्या ड्रेसला पट्टी लावते म्हणतेय. तिच्या दोन्ही हातांवर बांगड्या होत्या तिथे गोरा पट्टा उमटला होता, आणि ती सारखी पदराखाली हात घेत होती. ती ब्लाउज शिवायची. साधे नाही, नवरीचे, मागे नक्षी, बाहीला मणी. पंचक्रोशीतून पोरी यायच्या तिच्याकडे. मावशी मला हळूच म्हणाली, “उद्या हात भरले का बरं व्हईल. मोकळ्या हाताच्या बाईला नवरीच्या अंगाचं माप कोण घिऊ देतंय? हितल्या देत्याल, बाकीच्या गावच्या न्हाई द्याच्या.”

“आणि भरणार कोण?” मी विचारलं.

तर त्याचीही रीत होती. नवऱ्याच्या घरातली सगळ्यात थोरली बाई असेल तिच्याच हातानं भरायच्या. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो मान नाही. वैजूला सासू नव्हती, ती आधीच गेली होती. मग थोरली कोण, तर दिगंबरची आत्या. बायजाआत्या. तिला दुसऱ्या तालुक्यात दिली होती आणि ती दुपारच्या एसटीनं येणार होती.

आली. आणि थेट ओढ्यावरच आली, घरी पिशवीसुद्धा न ठेवता. उंच बाई, पांढरे केस, चालताना पाय नाही वाजत पण माणसं बाजूला होतात ना, तशी. तिनं दगडाकडे बघितलं, दोरीतल्या हिरव्या बांगड्यांकडे बघितलं. तिचे स्वतःचे हात ओकेबोके. एक काळा दोरा नाही.

“बायजाक्का, बस की,” मावशी म्हणाली. “पानी पे.”

“बसाय न्हाई आले. उद्याचं काय ठरलंय?”

“काय ठरायचं? सकाळी तू दोरी सोडायची, पोरीचे हात भरायचे.”

“मी भरायचे.”

“मग कोण? तूच थोरली.”

आत्या हसली. असं हसली की वैजू एक पाऊल मागे सरकली. “सगुणे, मी बी ह्याच गावची लेक. माजा मालक गेला तवा मी हिच्याबी परीस ल्हान हुते. तिकडं बांगड्या फोडल्या. काचा रुतल्या हातात. म्हायेरी आले, ह्याच दगडाम्होरं येऊन हुभी ऱ्हायले, म्हणलं आये, माजे बी हात भर. तर माजी सख्खी आई काय म्हणली? दिलेली लेक तू. तुजी रीत तुज्या सासरची. हाताई फकस्त हितल्या सुनांची.” तिनं हात पुढे केले. “मग आता हाताईच्या सुनंचे हात म्या का भरू?”

ओढ्यात कोंबडी पाणी पीत होती तिचा आवाज ऐकू येत होता, खरंच सांगते.

मग वैजू म्हणाली, अगदी हळू, “आत्याबाई, मला मशीनवर बसायचंय. बांगड्या वाजल्या की मला घरात कुणीतरी हाय असं वाटतं.”

आत्यानं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग दगडाकडे वळली. “बरं. भरीन. पर मला कुणी तरी सांगा, हा हात कुणाचा? देवीचा? कंच्या देवीचा? आन् बाईचा आसंल तर त्या बाईनं असं काय केलं, का तिच्या नावानं हितल्या सुनांना सूट आन् लेकींना न्हाई? नुस्तं ‘हाताई हाताई’ मी न्हाई ऐकायची. खरं काय ते सांगा, मग भरते. न्हाईतर फोडते.”

आणि मावशी, देवाशप्पथ, मावशी अशी खूश झाली! “आगं मग ही पोरगी हाय की! ही हातावरच शिकतीया! पुन्याला! आख्खं कालेज हातावर करतीया!”

आणि मी? मी उठून उभी राहिले गं! शेंदरानं माखलेली! “मी सांगते ना! उद्या सकाळपर्यंत शोधून काढते!”

तू हस. मला तेव्हा वाटलं, वा, काय संधी आहे. लोकांना माझा अभ्यास पहिल्यांदाच कुठल्यातरी कामाचा वाटतोय.

आत्या म्हणाली, “नुस्तं सांगायचं न्हाई. उद्या समद्या बायांम्होरं, ह्या हातावर हात ठिवून सांगायचं.”

“चालेल!” मी म्हटलं.

त्या तिघी गेल्या आणि मी परत घासायला बसले. आता तर काय, ईर्षेनं. वरच्या बाजूचा शेंदूर सुटला तर तिथे एका बाजूला सूर्य निघाला आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. मला काहीतरी आठवायला लागलं पण नीट आठवेना. दगडाचा खालचा भाग मातीत होता. वैजू खुरपं घेऊन परत आली आणि आम्ही दोघींनी मिळून माती काढली. खाली एक चौकट होती, वीतभर. त्यात एक पुरुष आडवा. त्याचं डोकं मांडीवर घेऊन एक बाई बसलेली. आणि दोघांच्या भोवती टोकदार पाकळ्या, वरवर जाणाऱ्या.

“हे आम्हांला माहितीये,” वैजू म्हणाली. “आईचं कमळ. आई कमळात बसलीये आणि मांडीवर लेकरू आहे. सगुणाकाकी सांगतात, आईला बघायला माती काढावी लागते म्हणून कुणी रोज बघत नाही.”

लेकराला मिशा होत्या मृणू.

मी त्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं. कमळाची पाकळी कशी असते, मधे रुंद, दोन्ही बाजूंनी सारखी. ह्या तशा नव्हत्या. ह्या खाली जाड आणि वर वळत वळत बारीक, एक इकडे झुकलेली, एक तिकडे. आणि मग मला एकदम आठवलं, वर्गात पडद्यावर अशाच दगडांचे फोटो दाखवले होते सरांनी, एकापाठोपाठ एक, आणि मी मागच्या बाकावर शेजारणीला काहीतरी जोक सांगत होते. वाकलेला हात. बांगड्या. सूर्य-चंद्र. म्हणजे ते असेपर्यंत हिचं नाव राहील. आणि खाली ज्वाळा.

सतीचा दगड गं. तो हात सतीचा.

आणि बांगड्या का? तेच तर. त्या बाईच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, कारण फोडायला ती उरलीच नाही. नवऱ्याबरोबर चितेवर गेली, म्हणून ती विधवा झालीच नाही, असा हिशेब. भरल्या हातानं गेली, म्हणून भरला हात कोरला. आणि नंतर कधीतरी ती गोष्ट गावातून पुसून गेली, आणि पुढच्या बायकांनी नुसता हात बघितला, बांगड्या बघितल्या, आणि त्यांनी त्याचा अर्थ काय लावला बघ! बरोब्बर उलटा! नवरा मेला तरी बांगड्या ठेवायच्या! ज्वाळांचं कमळ केलं!

मला आधी काय वाटलं खरं सांगू? आनंद झाला. म्हणजे अंगावर काटा आला, असला शोध कुणाला मिळतो एम.ए.ला? आणि मग वैजू म्हणाली, “सापडलं का ताई? तुमचं तोंड कसं झालंय.”

“अजून नाही,” मी म्हटलं.

संध्याकाळी तिनं खरंच माझ्या ड्रेसला पट्टी लावून दिली. मी तिच्या दारात पायरीवर बसले होते. तिच्या भिंतीला एक अर्धवट ब्लाउज टांगलेला होता, मोरपंखी, एका बाहीला मणी लावलेले, दुसरी तशीच. “ह्या पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे,” ती म्हणाली. “तिची आई काल येऊन बघून गेली. ब्लाउज नाही बघितला. माझे हात बघितले. म्हणाली, दहावा होऊ दे, मग बघू.”

मी म्हटलं, “आणि आत्यांनी नाहीच भरल्या तर?”

“तर ती ब्लाउज घेऊन जाईल. मग बाकीच्या पण नेतील.” तिनं दातानं दोरा तोडला. “तुम्ही सांगा ना काहीतरी चांगलं.”

काहीतरी चांगलं! मी पायरीवर बसून नुसती विचार करत राहिले. देवी आहे म्हणून ठोकून देऊ? पण आत्या विचारणार, कंच्या देवीचा? खरं सांगू? खरं सांगितलं की आत्या म्हणणार, बघा, जळालेल्या बाईचा हात पुजत होतात, आता काढा ती दोरी. आणि ते नुसतं वैजूपुरतं राहणार नाही, गावातल्या पुढच्या सगळ्याजणींचं जाणार. मग मला एक युक्ती सुचली. सगळं खरं बोलायचं, फक्त सगळं बोलायचं नाही.

सकाळी ओढ्यावर सगळ्या बाया जमल्या. पुरुष तिकडे खाली नदीवर, पिंडाला कावळ्याची वाट बघत. हाताईला नवा शेंदूर लावायचा होता, तेलात कालवून परात भरून ठेवला होता, पण आत्यानं सांगितलं होतं, आधी पोरगी बोलंल, मग लावा. त्यामुळे दगड असा उघडा, स्वच्छ धुतलेला, खालची चौकटसुद्धा. एक म्हातारी वाकून म्हणाली, “आगं बया, आईचं कमाळ किती झ्याक दिसतंय.”

“ठिव हात,” आत्या म्हणाली.

मी ठेवला. दगड गार होता. माझा पंजा त्या पंज्यावर अगदी बसला, इतका तो माणसाच्या मापाचा होता. देवीचा हात कुणी एवढा लहान करतं का?

“ही देवी नव्हती,” मी म्हटलं. बायकांमध्ये कुजबुज झाली. “ही बाई होती. खरी, जिवंत बाई. ह्याच गावची सून असणार. तिचा नवरा गेला, बहुतेक लढाईत. आणि... आणि तिच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत. म्हणून हा हात कोरला. तिची आठवण राहावी म्हणून वर सूर्य-चंद्र काढले.”

एक शब्द खोटा नव्हता हां त्यात. तूच बघ.

“बघा!” मावशीनं टाळीच वाजवली. “मी काय म्हणत हुते! न्हाई फोडल्या!” सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. कुणीतरी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी हात काढणारच होते, म्हणजे अगदी बोटं उचललीच होती.

आणि वैजूनं विचारलं, “ताई, मग ती जगली कशी?”

मी उचललेली बोटं परत दगडावर टेकवली.

“म्हणजे, बांगड्या राहिल्या हातात,” ती म्हणाली, “ते बरं झालं. पण पुढं? एकटीनं काय केलं तिनं? कशी जगली?”

तिला वाद जिंकायचा नव्हता गं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला पुढचा रस्ता हवा होता. आणि माझा हात त्या बाईच्या हातावर, आणि खाली माझ्या पायापाशी ती बाई जळतेय.

मी आत्याकडे बघितलं. आत्या माझ्याकडे नव्हती बघत. ती खालच्या चौकटीकडे बघत होती.

“शेती केली,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. “पोरं वाढवली. जमीन तिच्या नावावर झाली. पुष्कळ वर्षं जगली ती, म्हातारी झाली, सुना आल्या, नातवंडं आली. आणि मग घरात, आपल्या माणसांत गेली. म्हणून तर गावानं तिचा हात कोरला. नुसतं नवरा मेला म्हणून कुणी दगड उभा करतं का?”

वैजूनं मान हलवली. अशी हळू, जणू एकेक शब्द शिवून घेतेय.

आत्या पुढे आली. मला वाटलं आता ही चौकटीकडे बोट दाखवणार. म्हणणार, मग ही आग कसली? ती खाली बसली. गुडघे धरत, त्रास होत होता तिला. परातीतून तिनं ओंजळभर शेंदूर घेतला आणि थापला. त्या चौकटीवर. दाबून दाबून, अंगठ्यानं कोपरे भरून, ज्वाळा, मिशा, मांडी, सगळं बुजेपर्यंत. बाकीच्या म्हणाल्या, आगं आक्का, वरनं सुरुवात करायची अस्ती! तिनं हात पदराला पुसले आणि दोरी सोडली.

“हिकडं ये,” ती वैजूला म्हणाली. “हात सैल सोड. ताठ धरू नगं, पिचकंल.”

एकेक करून तिनं सगळ्या भरल्या. एकही पिचकली नाही. शेवटच्या बांगडीला वैजू रडायला लागली आणि मग सगळ्याच रडल्या, मावशी, म्हातारी, मी तर सगळ्यात जास्त. आत्या नाही रडली.

इथे संपली असती ना गोष्ट, तर मी तुला एवढं बसवून नसती सांगितली.

दुपारी मी पुण्याला यायला निघाले. फाट्यावर चिंचेखाली थांबले तर आत्या तिथेच बसलेली, पिशवी मांडीवर. तिची आणि माझी एसटी एकच, फक्त तिला मधे उतरायचं होतं. मग मलाच राहवेना. मी म्हटलं, “आत्या, तुम्ही खाली शेंदूर का थापलात?”

“तुला ठावं हाय की.”

“म्हणजे तुम्हाला...”

“आमच्या गावच्या येशीवर आसाच दगुड हाय,” ती म्हणाली. “आस्साच. वाकडा हात, बांगड्या, खाली जाळ. पर आमच्यात त्याला हाताई म्हणत न्हाईत. सतीचा दगुड म्हणत्यात. समद्यांना ठावं हाय ती जळाली. माज्या सासूनं मला त्याच्याच म्होरं बसवली आन् बांगड्या फोडल्या. म्हणली, ही बघ खरी बायकू. आन् तू, जित्ती ऱ्हायलीस.”

माझी नजर तिच्या उघड्या मनगटांवर गेली.

“काल मी आले तीच ठरवून, का समद्यांना सांगायचं हा हात कुणाचा. तुज्या तोंडून निघालं म्हंजी कुणी न्हाई म्हणायचं न्हाई. हाताई गेली आस्ती, मग ह्या सुना आन् मी सारख्या. पर त्या पोरीनं इचारलं, जगली कशी. मला कुणी म्हणलंच न्हाई कवा, का ती जगली.”

लांबून एसटी दिसायला लागली, धुरळा उडवत.

“घरी माजी सून हाय,” ती म्हणाली. “माजा पोरगा गेला गेल्या साली. तिच्या बी फोडल्या. मीच फोडल्या. त्याच दगडाम्होरं बसवून.”

एसटी थांबली. आत्या आधी चढली, म्हणजे पायरीवर चढली आणि तिथेच दारात उभी राहिली, पूर्ण दार अडवून. मागे वळली.

“तू चल,” ती म्हणाली. “माज्यासंगं उतर. आमच्या दगडावर हात ठिव आन् आज सांगितलंस तेच सांग. शेती केली. म्हातारी झाली. नातवंडं आली. शिकलेली हायस, ऐकत्याल तुजं.”

“आत्या, पण तिथे सगळ्यांना माहितीये. आणि ते... ते खरं नाहीये.”

“आन् हितं खरं हुतं?”

कंडक्टर ओरडला, “आजी, आत व्हा की! ताई, यायचंय का न्हाई? गाडी काय फाट्यावर मुक्कामाला आलीया व्हय?”

मी म्हटलं, “मी खोटं किती ठिकाणी सांगू?”

“मग खरं सांग,” आत्या म्हणाली. “काय सांगायचं ते तू ठरीव. पर ये. मी येकली न्हाई सांगू शकत तिला. माज्या हातानं फोडल्यात.”

आणि तिनं हात पुढे केला. मला वर घ्यायला. गाडी घरघर करतेय, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर, आतले सगळे माना वळवून बघतायत, माझी परीक्षा तोंडावर आलेली, घरी आई वाट बघतेय, आणि तो हात माझ्यासमोर, कोपरात वाकलेला, मोकळा.

मी काय केलं ते सांगते, सांगते. पण आधी तू सांग मृणू. हसू नकोस, नीट विचार करून सांग. तू त्या फाट्यावर असतीस, तर काय केलं असतंस?